चुकीच्या जागी बसलेलं पान

जंगलात चालताना समोरून काही निळं झपकन उडालं, तर त्याच्यामागे धावू नका. जिथे आहात तिथेच थांबा. ते निळं दहा-पंधरा पावलांवर एखाद्या खोडावर किंवा झुडपात उतरेल आणि उतरल्याबरोबर दिसेनासं होईल. तुम्ही पुढे जाल, पानं हलवाल, फांदी वाकवाल आणि तुमच्या कोपराजवळून ते पुन्हा उडेल. असं दोन-तीनदा झालं की माणूस कंटाळून वाट धरतो. पण तुम्ही ज्याला मघाशी वाळकं पान समजून सोडून दिलंत, तेच ते फुलपाखरू होतं.

याचं इंग्रजी नाव ब्लू ओकलीफ. शास्त्रीय नाव कॅलिमा हॉर्सफिल्डी. ओक म्हणजे थंड प्रदेशातला वृक्ष. आपल्या कोकणात, घाटात तो नाही आणि या फुलपाखराच्या पंखावर जे पान उमटलंय तेही ओकचं नाही. ज्यांनी नाव दिलं त्यांना आपल्या ओळखीचं झाड आठवलं, एवढंच. आपण त्याला सरळ पानपाखरू म्हणू. हा लेख त्याला शोधू पाहणाऱ्यांसाठी आहे. ज्यांनी फुलपाखरं पाहायला नुकती सुरुवात केली आहे आणि ज्यांना हळदीकुंकू, हबशी अशी नेहमीची मंडळी आता ओळखू येतात, त्यांनी पुढची पायरी म्हणून या एकाच फुलपाखरामागे एक हंगाम घालवावा, असं मला मनापासून वाटतं. कारण ते शोधताना जंगल कसं पाहायचं हे शिकावं लागतं.

आधी त्याचं रूप नीट समजून घेऊ. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा सेंटिमीटरच्या आसपास भरतात, म्हणजे आपल्या मोठ्या फुलपाखरांत त्याची गणती होते. पंखांची वरची बाजू गडद, जांभळट निळी. पुढच्या पंखावर एक रुंद तिरका पट्टा असतो. तो फिका, निळसर पांढरा. पट्ट्याच्या पलीकडे पंखाचं टोक काळं. उन्हात ते बसल्या जागी थोडं फिरलं की हा निळा उजळतो, सावलीत काळवंडतो. मादी सहसा नरापेक्षा मोठी आणि तिच्या पुढच्या पंखाचं टोक जास्त लांबट, अणकुचीदार.

पंख मिटले की सगळंच बदलतं. खालची बाजू तपकिरी, राखाडी, तांबूस, कधी पिवळसर. पुढच्या पंखाच्या टोकापासून मागच्या पंखाच्या शेपटीपर्यंत एक गडद सरळ रेघ जाते. ही पानाची मधली शीर. तिच्यातून बाजूला फिक्या तिरक्या रेघा फुटतात, त्या उपशिरा. मागच्या पंखाची आखूड शेपटी म्हणजे देठ. जागोजागी काळे ठिपके आणि राखी डाग असतात, पावसाळ्यानंतर कुजत आलेल्या पानावर बुरशी धरते तसे. पुढच्या पंखात एक लहानसा पारदर्शक ठिपका असतो. पंख मिटल्यावर तो किड्यानं पाडलेल्या भोकासारखा दिसतो. दोन पानपाखरं शेजारी ठेवली तर त्यांच्या पंखांच्या खालच्या बाजू सारख्या निघणार नाहीत. एक नुकतं गळलेलं पान वाटेल, दुसरं महिनाभर ओल्यात पडलेलं. ऋतूप्रमाणेही आकारात आणि छटेत फरक पडतो.

हे सगळं कशासाठी, ते उघड आहे. पक्षी, सरडे, चतुर अशा शिकाऱ्यांच्या नजरेतून सुटण्यासाठी. पण यात एक बारकावा आहे आणि शोधणाऱ्यानं तो पक्का ध्यानात धरावा. उडताना दिसणारा निळा रंग पाठलाग करणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो. फुलपाखरू बसतं, पंख मिटतात, निळा संपतो. पाठलाग करणारा मात्र अजूनही निळंच शोधत असतो. पक्षी फसतो तो असा आणि आपणही तसेच फसतो. म्हणून पहिला नियम असा की ते बसलं की निळा रंग डोक्यातून काढून टाका.

मग काय शोधायचं? चुकीच्या जागी असलेलं पान. सरळ, गुळगुळीत खोडावर माणसाच्या उंचीला एकच वाळकं पान चिकटलेलं असेल, तर ते तिथे आलं कसं, हा प्रश्न स्वतःला विचारा. खोडाला तिथे फांदी नाही, वेल नाही, कोळ्याचं जाळंही नाही. वाऱ्याची झुळूक आली की बाकीची पानं हलतात, हे हलत नाही. किंवा वारा पडलेला असताना हे एकटंच किंचित कलतं. खरं वाळकं पान कुठेतरी मुडपलेलं, वळलेलं असतं. हे सपाट असतं आणि कडेला उभं राहतं. एकदा संशय आला की पाय मोजा. फुलपाखराला सहा पाय, पण याचे चारच दिसतील. पुढचे दोन आखडून ब्रशसारखे झालेले असतात आणि ते छातीशी दुमडलेले राहतात. याच लक्षणावरून त्याच्या कुळाला मराठीत कुंचलपाद म्हणतात.

कुळाचा विषय निघालाच आहे तर त्याची जागाही सांगून टाकतो. कीटकांमध्ये फुलपाखरं आणि पतंग यांचा मिळून एक गण, लेपिडोप्टेरा, म्हणजे खवल्यांचे पंख असलेले. त्यातलं कुंचलपादांचं मोठं कुळ म्हणजे निम्फॅलिडी, त्यातलं निम्फॅलिनी हे उपकुळ आणि कॅलिमा ही प्रजाती. कॅलिमा हा शब्द सुंदर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. व्हिएन्नाचे कीटकशास्त्रज्ञ व्हिन्सेंझ कोलार यांनी १८४४ मध्ये या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं. हॉर्सफिल्डी हे नाव टॉमस हॉर्सफिल्ड यांच्यावरून. ते मूळचे अमेरिकन वैद्य. जावा बेटावर त्यांनी अनेक वर्षं निसर्गाचे नमुने गोळा केले आणि पुढे लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयाची व्यवस्था पाहिली. फुलपाखरू मात्र आपल्या द्वीपकल्पाचं. भारताबाहेर ही जात नैसर्गिकरीत्या सापडत नाही. पश्चिम घाटात सव्वातीनशेहून जास्त जातींची फुलपाखरं आहेत. त्यांतली बरीच इतरत्रही आढळतात. हे फक्त इथलं आहे, ही गोष्ट शोधायला निघताना आठवणीत असावी.

त्याच्या भाऊबंदांनी शास्त्राच्या इतिहासात मोठी भूमिका बजावली. ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस सुमात्रा बेटावर असताना याच प्रजातीतल्या एका फुलपाखराच्या मागे असेच वारंवार धावले. ते वाळक्या पानांच्या झुडपात शिरून नाहीसं व्हायचं. शेवटी एकदा त्यांनी ते नेमकं कुठे बसतं हे पाहिलं आणि १८६९ मध्ये छापलेल्या ‘द मले आर्किपेलागो’ या पुस्तकात त्याचं सविस्तर वर्णन केलं. नैसर्गिक निवडीचा दाखला म्हणून ते पुढे पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. इतकं हुबेहूब पान एकदम तयार झालं की पायरीपायरीनं, यावर शंभरहून जास्त वर्षं वाद चालला. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी नातलग जातींच्या पंखांची रेघ न् रेघ ताडून दाखवलं की साध्या नक्षीच्या पूर्वजापासून हे पान टप्प्याटप्प्यानं घडत आलं. म्हणजे मधली शीर, उपशिरा, बुरशीचे डाग हे सगळं इतर कुंचलपादांच्या पंखांवरच्या ठिपक्यांत नि पट्ट्यांत आधीपासून होतं. इथे त्याची मांडणी बदलली.

आता कुठे जायचं ते. याचं उत्तर एका झुडपात आहे, कारवी. या फुलपाखराची अळी कारवी आणि कारवीच्या कुळातल्या काही रानवनस्पतींची पानं खाते. अडुळसा, कोरांटी, अबोली याच कुळातल्या. कारवी सह्याद्रीच्या उतारांवर, मोठ्या झाडांच्या सावलीत दाट वाढते. तिच्या सरळ काठ्यांचे कूड विणून, त्यावर शेणमाती लिंपून घरांच्या भिंती करण्याची रीत आपल्या डोंगरपट्ट्यांत जुनी आहे. सात वर्षं ती नुसती वाढते, आठव्या वर्षी सगळी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी २०१६ मध्ये फुलली आणि नंतर २०२४ मध्ये. डोंगर बदलला की फुलण्याचं वर्षही बदलतं.

त्या फुलोऱ्याच्या वर्षी माणसांची रीघ लागते. जांभळे उतार पाहायला जरूर जावं. पण पानपाखराला त्या फुलांशी काही देणंघेणं नाही. त्याला कारवीचं पान हवं असतं आणि ते त्या मधल्या सात वर्षांत मिळतं, जेव्हा कारवीकडे कुणी बघत नाही. हिरवी, खरखरीत पानांची, अंगाला घासणारी ती गचपण ओलांडताना आपण वैतागतो. त्याच गचपणीत काटेरी, काळपट अळ्या चरत असतात. पुढे त्या आडोशाच्या जागी शेपटीकडून उलट्या टांगून घेऊन कोष करतात. कुंचलपादांचे कोष असेच टांगलेले असतात. लिंबावरच्या फुलपाखरांसारखा कमरेला धाग्याचा पट्टा त्यांना नसतो. अळी दिसली तर पाहा, फोटो घ्या, पण डबीत घालून घरी आणू नका. कारवीची ताजी पानं रोज कुठून आणणार? आणि राष्ट्रीय उद्यानातून किंवा अभयारण्यातून एक अळी उचलणंसुद्धा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे.

तेव्हा जागा निवडताना नकाशात अभयारण्याचं नाव शोधण्यापेक्षा कारवीचा उतार, सावलीचा ओढा आणि मोठी जुनी झाडं ही तीन एकत्र कुठे आहेत ते पाहा. मुंबईकरांना बोरिवली आणि येऊर जवळ आहे. माथेरानची सावलीतली वाट, फणसाड, कोयनेचा परिसर, आंबोली, आणि गोव्यात मोल्याचं जंगल, या सगळ्या पट्ट्यात ते आहे. उघड्या माळावर, सड्यावर किंवा बागेतल्या फुलांच्या ताटव्यावर थांबून उपयोग नाही. माझ्या परिचयातले कितीतरी जण घाणेरीच्या फुलांजवळ कॅमेरा लावून बसतात. तिथे दुसरी पन्नास फुलपाखरं येतील. हे येणार नाही, कारण ते फुलांवर जवळजवळ जातच नाही.

त्याचं खाणं वेगळं आहे. झाडाच्या जखमेतून पाझरणारा रस, पिकून पडलेली, आंबलेली फळं, कधी जनावरांचं शेण. नर ओल्या मातीवर क्षार शोषायलाही उतरतात. म्हणून वाटेवर फणस फुटून पडलेला असेल, उंबराखाली फळांचा सडा असेल, एखाद्या खोडाच्या भेगेतून रस गळून साल ओली आणि काळी झाली असेल, तर तिथे अर्धा तास काढा. नाकालाही काम द्या, आंबूस वास आला की थांबा. अशा रसाच्या खोडावर भुंगे, माश्या, गांधीलमाश्या आधीच जमलेल्या असतात. त्यांच्या गर्दीत एक वाळकं पान शांत उभं असेल, तर त्याची सोंड पाहा. खाण्यात गुंतलेलं पानपाखरू एरवीइतकं बुजरं राहत नाही. हातभर अंतरावरून पाहता येतं.

वेळ सकाळी नऊ ते बाराची धरा. पाऊस ओसरल्यानंतरचे महिने, सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत, नवख्यांसाठी सर्वांत सोयीचे. ओढे वाहत असतात, जंगल हिरवं असतं, त्यामुळे तपकिरी पान उठून दिसतं. जानेवारीनंतर पानगळ सुरू झाली की शोध अवघड होतो, कारण मग सगळं जंगलच त्याच्या रंगाचं होतं. नर उन्हाचा कवडसा पडलेल्या जागी, डोक्याच्या वरच्या उंचीवर पानावर बसून राहतात आणि दुसरं कुणी हद्दीत आलं की त्याच्यावर झेप घेऊन बहुधा पुन्हा त्याच जागी परततात. ही सवय तुमच्या फायद्याची आहे. उडालं तरी जागा सोडू नका. पाच-दहा मिनिटं न हलता उभं राहिलात तर ते परत येण्याची चांगली शक्यता असते. भडक कपडे टाळा. तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका, कारण रंगापेक्षा सावलीला आणि हालचालीला ते लवकर दचकतं.

फोटो घेताना एक चूक बहुतेक सगळे करतात. मिटलेल्या पंखांचा एक सुंदर फोटो काढतात आणि निघतात. ओळख पक्की करायला दोन्ही बाजू लागतात. मिटलेल्या पंखांचा फोटो त्याला अगदी काटकोनातून घ्या, म्हणजे मधली शीर आणि शेपटी स्पष्ट येईल. मग थांबा. सकाळच्या गारव्यात ऊन खायला ते पंख उघडतं, तेव्हा पट्ट्याचा रंग टिपा. तो मिळाला नाही तर उडताना दिसलेला रंग लगेच वहीत लिहून ठेवा. संध्याकाळपर्यंत आपण स्वतःशीच खात्रीनं चुकीचं बोलू लागतो.

पट्ट्याचा रंग महत्त्वाचा, कारण पानासारखी दिसणारी आणखीही आहेत. ऑरेंज ओकलीफ म्हणजे कॅलिमा इनॅकस. खालून अगदी हेच, पण वरचा पट्टा नारिंगी. ते हिमालयात, ईशान्येत आणि मध्य भारतातल्या काही जंगलांत असतं, त्यामुळे सातपुड्याकडच्या वाचकांनी उघडे पंख पाहिल्याशिवाय नाव लिहू नये. सह्याद्रीच्या दक्षिण भागात ऑटम लीफ नावाचं एक आहे. ते वरून तांबूस पिवळं. आणि सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो कॉमन इव्हनिंग ब्राउनमुळे. तेही वाळक्या पानासारखं, पण ते जमिनीवरच्या पाल्यात बसतं, संध्याकाळी उडतं, दिव्याच्या उजेडाला घरातही शिरतं. त्याची अळी भाताची आणि गवताची पानं खाते. त्याला निळा रंग अजिबात नाही आणि मधली शीर पानपाखरासारखी टोकापासून देठापर्यंत सलग जात नाही. घरात पानासारखं फुलपाखरू आलं असं कुणी सांगितलं, तर ते बहुधा हेच.

आमिष ठेवावं का, असं बरेच जण विचारतात. तुमचं घर किंवा शेत जंगलाला लागून असेल तर ठेवा. जास्त पिकलेली केळी कुस्करून थोडा गूळ घाला, झाकून एक-दोन दिवस आंबू द्या आणि सावलीतल्या खोडाला लावा. मुंग्या येणारच, म्हणून थोडं थोडं लावा आणि रोज बदला. राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात मात्र काहीही नेऊन टाकू नका, फळंसुद्धा नाही. माकडांना माणसाच्या खाण्याची सवय लागते आणि त्याचा त्रास पुढे सगळ्यांना होतो.

शहरात बाल्कनीतल्या कुंडीत हे फुलपाखरू येईल अशी आशा मी कुणाला दाखवणार नाही. बाल्कनीसाठी लिंबू आणि कढीपत्ता लावा, त्यावर दुसरी देखणी फुलपाखरं नक्की अंडी घालतील. पानपाखराला जंगलाची सावली लागते, ती कुंडीत उगवत नाही.

दिसलं की नोंद करा. तारीख, वेळ, ठिकाण, ते कशावर बसलं होतं, काय खात होतं, आसपास कारवी होती का आणि ती कोणत्या अवस्थेत होती. आयनॅचरलिस्टसारख्या व्यासपीठांवर फोटोसह नोंद टाकली तर जाणकार ओळख तपासून देतात. दर सप्टेंबरमध्ये देशभर फुलपाखरू महिना साजरा होतो, त्यात नव्यांना सोबत घेऊन जाणारे गट बऱ्याच शहरांत असतात. घरी वाचायचं असेल तर आयझॅक किहीमकर आणि कृष्णमेघ कुंटे यांची पुस्तकं हाताशी ठेवा. कारवीबद्दलचा रकाना मात्र रिकामा सोडू नका, ही माझी खास विनंती. कारवी फुलून मेल्यावर पुढच्या पावसात तिची रोपं उगवतात आणि त्यांना दाट व्हायला काही वर्षं लागतात. त्या मधल्या काळात एखाद्या उतारावरची पानपाखरं कुठे जातात, कमी होतात की शेजारच्या उतारावर सरकतात, हे तुमच्या-माझ्या वह्यांतल्या सलग नोंदींतूनच कळणार आहे. एकाच उतारावर सलग आठ वर्षं जाणारा माणूस यासाठी हवा.

आणि एक गोष्ट. डोंगराच्या पायथ्याला ज्यांची शेतघरं, प्लॉट, आमराया आहेत त्यांना मी हात जोडून सांगतो. होळीच्या सुमारास कुंपणालगतचा पाला साफ करायचा म्हणून काडी लावू नका. ती आग कुंपणाशी थांबत नाही. वारा तिला उतारावर घेऊन जातो आणि कारवीची कोवळी रोपं, तिच्यावर टांगलेले कोष, पाल्यात दडलेली फुलपाखरं एका दुपारीत जळतात. पाला ओढून एका खड्ड्यात टाका, वर थोडं शेण आणि पाणी मारा. पावसापर्यंत त्याचं खत होईल.